उंदीर किती वेळ झोपला?

प्रयोग दिसायला अगदी साधा. उंदराच्या पोटात हेक्झोबार्बिटाल नावाच्या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन द्यायचं. थोड्याच वेळात तो झिंगल्यासारखा डुलतो, पाय फाकतात आणि कलंडतो. मग त्याला अलगद उताणा ठेवायचा. शुद्धीवरचा उंदीर क्षणभरही उताणा राहत नाही, उसळी मारून चार पायांवर येतो. हा मात्र तसाच पडून राहतो. आता घड्याळ सुरू करायचं. जागा उबदार ठेवायची, कारण गुंगीत उंदराचं अंग गार पडतं, गार अंगात औषध रेंगाळतं आणि मोजणी फसते. काही वेळानं मिशा थरथरतात, मागचा पाय झटकला जातो आणि उंदीर आपणहून पालथा होतो. त्याला पुन्हा उताणा करून पाहायचं. पुन्हा पालथा झाला, की घड्याळ बंद. वहीत एकच आकडा उतरतो: इतकी मिनिटं.

गंमत अशी, की हा आकडा मेंदूपेक्षा यकृताबद्दल जास्त बोलतो. गुंगीचं कुठलंही औषध मात्र या कामाला चालत नाही. थायोपेंटाल दिलं तर जाग लवकर येते. पण तेव्हा औषध शरीरातच असतं, फक्त मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत जाऊन बसलेलं असतं. हेक्झोबार्बिटालची गुंगी उतरते ती यकृतानं त्याचे रेणू बदलून निकामी केल्यामुळे. म्हणजे झोप लांबली तर यकृत मंद, लवकर मोडली तर यकृत तेज. औषधं पचवणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमांची ताकद जोखण्याची ही युक्ती विसाव्या शतकाच्या मध्याला प्रयोगशाळांत रुळली आणि तिच्यातून जे बाहेर आलं त्यानं मोजणारेच चकित झाले.

१९५८ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या, म्हणजे एनआयएचमधल्या क्विन, ॲक्सेलरॉड आणि ब्रोडी या तिघांनी वेगवेगळ्या प्राण्यांची तुलना प्रसिद्ध केली. वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिग्रॅम हेक्झोबार्बिटाल. छोटा पांढरा उंदीर सरासरी १२ मिनिटांत उठला. सशाला ४९ मिनिटं लागली. उंदराचा थोरला भाऊ शोभावा असा रॅट दीड तासाच्या आसपास झोपला. कुत्र्याला डोस निम्माच दिला होता, तरी तो ३१५ मिनिटं, म्हणजे सव्वापाच तास पडून होता. मग त्यांनी रक्त तपासलं. औषध निम्म्यावर यायला उंदराच्या रक्तात १९ मिनिटं लागत होती, कुत्र्याच्या रक्तात २६०. शेवटी त्यांनी थेट यकृतच काढून काचनळीत औषधाशी गाठ घालून दिली. ग्रॅमला ग्रॅम धरलं तर उंदराचं यकृत कुत्र्याच्या यकृतापेक्षा सुमारे सोळा पट वेगानं औषध संपवत होतं. झोप, रक्त आणि यकृत या तीन मोजण्यांत प्राण्यांचा क्रम एकच आला. एकच औषध, चारही प्राणी सस्तन, आणि तरी हा फरक!

आत येणं सोपं, बाहेर पडणं अवघड

बहुतेक औषधं स्वभावानं तेलकट असतात. तशी नसती तर आतड्याच्या आणि पेशींच्या स्निग्ध पडद्यांतून ती आत शिरलीच नसती. पण आत येताना जो गुण कामी येतो तोच बाहेर पडताना आडवा येतो. मूत्रपिंड असं औषध गाळतं खरं, पण ते नळ्यांच्या भिंतींतून झिरपून पुन्हा रक्तात येतं. तेलाचं भांडं नुसत्या पाण्याखाली धरून निघत नाही, तशातली गत. इथे यकृत मदतीला येतं. ते औषधाच्या रेणूला ऑक्सिजनचा एक अणू चिकटवतं. मग दुसरी एन्झाइमं त्या जागी पाण्यात सहज विरघळणारा एखादा तुकडा जोडतात आणि रेणू लघवीतून किंवा पित्तातून बाहेर पडतो.

हा ऑक्सिजन येतो श्वासातल्या हवेतून. हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात. यकृत त्यांची ताटातूट करतं, एक औषधाला देतं आणि दुसऱ्याचं पाणी करतं. आपण श्वासाबरोबर घेतलेल्या हवेचा अंश गोळीच्या रेणूत जाऊन बसतो ही कल्पनाच विलक्षण आहे. सजीव पेशी हवेतला ऑक्सिजन असा थेट रेणूत बसवू शकतात, हे १९५५ साली अमेरिकेत मेसन यांनी आणि जपानमध्ये हायाइशी यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सिद्ध केलं.

त्याच सुमारास ज्युलियस ॲक्सेलरॉड यकृताच्या मागे लागले होते. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा माणूस अनेक वर्षं एका प्रयोगशाळेत अन्नातली जीवनसत्त्वं तपासण्याचं काम करत होता. तिथे अमोनियाची बाटली फुटून त्यांचा एक डोळा गेला. पुढे ब्रोडींच्या हाताखाली त्यांनी शोधून काढलं, की ॲसिटॅनिलाइड या जुन्या वेदनाशामकाचा गुण खरं तर शरीरात त्यापासून तयार होणाऱ्या दुसऱ्याच पदार्थाचा आहे. तो पदार्थ म्हणजे आज घराघरात असलेलं पॅरासिटामॉल. ॲम्फेटामाइनसारखी औषधं शरीरात कुठे नाहीशी होतात, हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्यांनी यकृत वाटून त्याचे भाग वेगळे केले. पेशीतल्या पडद्यांचे बारीक तुकडे, ज्यांना मायक्रोसोम म्हणतात, ते एकटे ठेवले तर औषध जसंच्या तसं. वरचा पातळ द्रव एकटा ठेवला तरी तेच. दोन्ही एकत्र केले आणि औषध नाहीसं झालं. खरं काम मायक्रोसोम करत होते. पातळ द्रव त्यांना एनएडीपीएच हे इंधन पुरवत होता. हवा काढून घेतली, की काम ठप्प. हे काम १९५५ साली प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी, चाळिशी उलटल्यावर, ॲक्सेलरॉड यांना पीएच.डी. मिळाली. १९७० चं नोबेल त्यांना मिळालं ते मात्र मज्जातंतूंच्या कामासाठी.

४५० ची टेकडी

मायक्रोसोममध्ये नेमकं कोण हे काम करतं, याचा माग एका आलेखानं दिला. १९५८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात क्लिंगेनबर्ग आणि गारफिंकेल यांना यकृताच्या मायक्रोसोममध्ये एक विचित्र रंगद्रव्य दिसलं. त्यात कार्बन मोनॉक्साइड सोडला, की ते ४५० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणजे निळा प्रकाश गिळायचं. हे असतं तरी काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ओसाका विद्यापीठात ओमुरा आणि सातो यांनी ते रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखं लोह बाळगणारं प्रथिन असल्याचं दाखवलं आणि १९६२ साली त्याला पी-४५० असं तात्पुरतं वाटावं असं नाव दिलं. तेच आजतागायत चालू आहे.

त्याचं काम उघडकीला आणलं एस्टाब्रूक, कूपर आणि रोझेंथाल यांनी. कार्बन मोनॉक्साइडनं हे एन्झाइम बंद पडतं. त्यांनी बंद पडलेल्या एन्झाइमावर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकून पाहिला. ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात ते सर्वांत चांगलं पुन्हा चालू झालं. आधी ॲड्रिनल ग्रंथीत आणि मग यकृतात हेच दिसलं. आलेखावरची टेकडी आणि औषधाला ऑक्सिजन जोडणारं एन्झाइम एकच, याची खात्री पटली.

आजही हे एन्झाइम मोजायचं तर हीच टेकडी शोधतात. पण त्याआधी यकृतापासून मायक्रोसोम काढायचे, आणि हे काम घाईचं नाही. रॅटला आदल्या रात्री उपाशी ठेवतात, कारण यकृतात साठलेलं ग्लायकोजेन पुढे गाळात लडबडतं. प्राणी मेल्यावर यकृत लगेच बर्फासारख्या थंड क्षारद्रावणानं धुऊन घेतात. रक्त नीट निघालं, की लालभडक यकृत फिकट बदामी होतं. ते का धुवायचं? आत राहिलेलं हिमोग्लोबिनही कार्बन मोनॉक्साइड धरतं आणि आलेख बिघडवतं. मग कात्रीनं तुकडे करून काचेच्या नळीत टेफ्लॉनच्या दांड्यानं वाटायचं. नळी सतत बर्फात. हा काला सेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ९,००० पट बळानं २० मिनिटं फिरवला, की न फुटलेल्या पेशी, केंद्रकं आणि मायटोकाँड्रिया तळाला बसतात. वरचा द्रव काढून पुन्हा फिरवायचा, या वेळी १,०५,००० पट बळानं तासभर. नळीच्या तळाशी पारदर्शक, तांबूस, जेलीसारखा गोळा बसतो. ते मायक्रोसोम.

हा गोळा बफरमध्ये मिसळून दोन चौकोनी काचपात्रांत घेतात. दोन्हींत डायथायोनाइट या रसायनाची चिमूट टाकतात आणि एकातच कार्बन मोनॉक्साइडचे बुडबुडे सोडतात. यंत्र दोन्हींतला फरक कागदावर काढतं आणि ४५० वर टेकडी उभी राहते. टेकडीच्या उंचीवरून एन्झाइमाचं प्रमाण काढण्याचा गुणांक ओमुरा आणि सातो यांनी १९६४ साली दिला. यातली सर्वांत सुंदर गोष्ट अशी, की हाच आलेख कामाचा दर्जाही सांगतो. नमुना तापला किंवा कुठे हयगय झाली तर एन्झाइमाची घडी मोडते आणि टेकडी सरकून ४२० वर जाते. ४२० ला उंचवटा दिसला, की आपलं काम बिघडलं हे आलेखच बजावतो.

रंगांची भाषा

किती एन्झाइम आहे हे कळलं, तरी ते किती काम करतं हे कळायचं राहतं. त्यासाठी त्याला खायला घालायचं आणि काय उरतं ते पाहायचं. ॲमिनोपायरिन हे औषध दिलं तर एन्झाइम त्यातून फॉर्मल्डिहाइड मोकळं करतं. नॅशनं १९५३ साली सांगितलेल्या द्रावणात ते पिवळं दिसतं आणि पिवळेपणा किती गडद, त्यावरून कामाचा वेग कळतो. ॲनिलिन दिलं तर शेवटी निळा रंग उमटतो. इथॉक्सिरेझोरुफिन नावाचा पदार्थ दिला तर गुलाबी, चमकणारं रेझोरुफिन तयार होतं. बर्क आणि मेयर यांनी १९७४ साली सुचवलेली ही चाचणी इतकी संवेदनशील आहे, की नदीच्या पाण्यात कारखान्यांचं प्रदूषण आहे का, हे त्या पाण्यातल्या माशांच्या यकृतावरून तपासायलाही ती वापरली जाते.

एकाच पदार्थावरून अनेक एन्झाइमं ओळखण्याची किमया टेस्टोस्टेरॉन करतं. पी-४५० हे एक एन्झाइम नव्हे, ते मोठं कूळ आहे, आणि या कुळातला प्रत्येक जण टेस्टोस्टेरॉनच्या रेणूवर आपल्या ठरलेल्या जागी ऑक्सिजन बसवतो. रॅटच्या मायक्रोसोममध्ये टेस्टोस्टेरॉन टाकायचं, थोड्या वेळानं काय काय तयार झालं ते वेगळं करायचं. सहाव्या जागी ऑक्सिजन बसला तर तीनए गटातलं एन्झाइम, सातव्या जागी तर दोनए, सोळाव्या जागी एका बाजूनं तर दोनसी. कोण कामावर होतं, याची हजेरीच रेणूवर लागते.

जनावर न मारताही मोजता येतं. १९७३ साली लाउटरबुर्ग आणि बिर्खर यांनी रॅटला किरणोत्सर्गी कार्बनची खूण लावलेलं ॲमिनोपायरिन दिलं आणि त्याचा उच्छ्वास गोळा केला. यकृत औषध मोडत गेलं तसा खुणेचा कार्बन श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर आला. पुढे हीच चाचणी रुग्णांसाठी वापरात आली.

भुशाचा गुन्हा

इतकी काटेकोर मोजणी असूनही आकडे जुळेनात, अशी वेळ अनेकदा आली. त्याची कारणं मोठी नामी निघाली.

अमेरिकेत फाउट्स आणि त्यांचे सहकारी उपासमारीचा औषधांवर काय परिणाम होतो ते तपासत होते. एकाएकी रॅट लवकर जागे व्हायला लागले. शोधल्यावर कळलं, की प्राण्यांच्या खोलीत क्लोरडेन हे कीटकनाशक फवारलं होतं. रॅटच्या अंगात गेलेल्या त्या अंशानं यकृतातली एन्झाइमं वाढली होती. १९६३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

चार वर्षांनी एनआयएचमधल्या एलियट व्हेसेल यांनी त्याहून साधा गुन्हेगार पकडला: पिंजऱ्यातला भुसा. रेड सीडर आणि पाइन या सुवासिक लाकडांच्या भुशावर ठेवलेले उंदीर आणि रॅट हेक्झोबार्बिटाल दिल्यावर कमी झोपत, आणि त्यांच्या यकृतातली औषध पचवणारी एन्झाइमं वाढलेली असत. बीच, बर्च, मेपल अशा कठीण लाकडांच्या भुशावर हलवलं, की एन्झाइमं पुन्हा पूर्वपदावर. ज्या वासामुळे सीडरच्या पेटीत लोकरीच्या कपड्यांना कसर लागत नाही, तोच वास यकृताला कामाला लावत होता. एकाच औषधावर दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष वेगळे येण्यामागे लाकडाचा दुकानदार वेगळा असणं, हेही कारण असू शकतं! आज शोधनिबंधात भुशाचा प्रकार लिहिण्याची पद्धत आहे, ती उगीच नाही.

मग घड्याळ. रॅट निशाचर. त्याची ही एन्झाइमं रात्री जोरात असतात आणि दिवसा मंदावतात, हे १९६० च्या दशकाच्या शेवटी दिसून आलं. सकाळी मोजणारा आणि संध्याकाळी मोजणारा, दोघेही प्रामाणिक असूनही आकडे वेगळे.

आणि नर-मादी. मादी रॅट नरापेक्षा हेक्झोबार्बिटालनं कितीतरी जास्त वेळ झोपते, हे १९३० च्या दशकातच लक्षात आलं होतं. मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं तर झोप घटते, म्हणून सगळं श्रेय त्याच हार्मोनला गेलं. खरं गुपित स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत यान-ओके गुस्टाफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडलं. नर रॅटच्या रक्तात वाढीचं हार्मोन झटक्याझटक्यानं येतं, दर साडेतीन तासांच्या आसपास एक उसळी, मधल्या वेळात जवळजवळ शून्य. मादीत ते संथ आणि सतत झिरपत राहतं. यकृत हार्मोनच्या प्रमाणाबरोबर त्याची लयही ओळखतं. नराच्या अंगात छोट्या पंपानं हेच हार्मोन सतत सोडलं, की काही दिवसांत त्याचं यकृत मादीची एन्झाइमं तयार करू लागतं. माणसात स्त्री-पुरुषांमधला फरक इतका टोकाचा नसतो, म्हणून रॅटवरून माणसाबद्दल बोलताना जपावं लागतं.

तेज यकृत नेहमी चांगलं?

यकृत जितकं तेज तितकं बरं, असा समज होणं साहजिक आहे. प्रयोगांनी तो मोडला. १९६६ साली मॅक्लीन दांपत्यानं लंडनमध्ये रॅटना प्रथिनांशिवायचं अन्न दिलं. त्यांची एन्झाइमं रोडावली. मग कार्बन टेट्राक्लोराइड हे यकृत नासवणारं विष दिलं, तर हे कुपोषित रॅट चांगल्या खाण्यावरच्या रॅटपेक्षा जास्त तग धरून राहिले. त्यांना डीडीटी देऊन एन्झाइमं वाढवली, की विष पुन्हा बाधू लागलं. कारण ते मुळात फारसं विषारी नसतं. एन्झाइमच त्याचं जहाल रूप तयार करतं.

याला जोडून आपल्याकडचं काम आठवावं असं आहे. भुईमुगाच्या शेंगांना दमट हवेत बुरशी लागली, की अफ्लाटॉक्सिन तयार होतं. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत माधवन आणि सी. गोपालन यांनी १९६० च्या दशकात रॅटना अफ्लाटॉक्सिन दिलं. काहींच्या आहारात २० टक्के प्रथिन होतं, काहींच्या फक्त ५ टक्के. कमी प्रथिनांवरच्या रॅटच्या यकृताला तत्काळ इजा जास्त झाली. पण दीर्घकाळानं यकृताचा कर्करोग झाला तो भरपूर प्रथिनं खाणाऱ्यांना. अफ्लाटॉक्सिनला जनुकांवर चिकटणारं रूप देतं ते पी-४५०, आणि प्रथिनं कमी पडली, की हे एन्झाइमही कमी पडतं, हे पुढच्या संशोधनानं स्पष्ट केलं. यावरून प्रथिनं कमी खावीत असा अर्थ काढणं साफ चूक. अर्थ एवढाच, की एकच एन्झाइम एका पदार्थाचं विष उतरवतं आणि दुसऱ्याचं विष चढवतं.

मिरीचा दाणा आणि रिफाम्पिसिन

सुंठ, मिरी, पिंपळी. त्रिकटू आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि आयुर्वेदाच्या किती तरी योगांत ते घातलं जातं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत अटल, दुबे आणि सिंग यांनी मिरी आणि पिंपळीतला तिखट घटक, पायपेरिन, वेगळा घेऊन प्राण्यांवर तपासला. १९८५ साली आलेल्या त्यांच्या निबंधात आपली ओळखीची उंदराची झोप आहेच: पायपेरिन दिलेले उंदीर हेक्झोबार्बिटालनं जास्त वेळ झोपले. रॅटच्या यकृतावरच्या चाचण्यांतही औषध मोडण्याचा आणि त्याला पाण्यात विरघळणारा तुकडा जोडण्याचा वेग घटलेला दिसला. एसकेएफ-५२५ए हे यकृताची एन्झाइमं रोखणारं प्रसिद्ध रसायन. त्याच्या निम्म्या डोसमध्ये पायपेरिननं झोप तितकी लांबवली. याच वाटेनं पुढे क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड आणि पायपेरिन एकत्र असलेलं औषध भारतात बाजारात आलं. त्यात रिफाम्पिसिनचं प्रमाण ४५० मिलिग्रॅमवरून २०० वर आणलं होतं.

रिफाम्पिसिनचं नाव निघालंच आहे, तर प्राण्यांवरून माणसाबद्दल बोलताना कुठे फसगत होते तेही पाहू. माणसात रिफाम्पिसिन तीनए गटातली एन्झाइमं जबरदस्त वाढवतं. क्षयाचे उपचार चालू असताना गर्भनिरोधक गोळी निकामी ठरू शकते, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा डोस अपुरा पडतो, ते याच कारणामुळे. पण रॅटचं यकृत याच रिफाम्पिसिनची फारशी दखल घेत नाही. उलट पीसीएन नावाचं एक स्टेरॉइड रॅटच्या यकृताला हलवतं आणि माणसाच्या यकृताला नाही. कारण १९९८ साली सापडलं: पेशीत या रसायनांची चाहूल घेणारं पीएक्सआर नावाचं प्रथिन दोघांत असतं, पण त्याची बैठक थोडी निराळी असते. छोट्या उंदरात पी-४५० ची १०२ कार्यक्षम जनुकं आहेत, माणसात ५७. मांजराची गोष्ट तर आणखी वेगळी. पॅरासिटामॉलला साखरेसारखा तुकडा जोडणारं एन्झाइम तयार करण्याचं जनुकच मांजरात निकामी झालेलं आहे. म्हणून आपल्याला ताप उतरवणारी गोळी घरच्या मांजराचा जीव घेऊ शकते.

आज माणसाच्या यकृताचे मायक्रोसोम आणि पेशी विकत मिळतात, एकेक मानवी एन्झाइम जिवाणूंत किंवा कीटकांच्या पेशींत तयार करता येतं आणि चिमूटभर नमुन्यातले शेकडो पदार्थ मास स्पेक्ट्रोमीटर ओळखतो. प्राण्यांऐवजी अशा पद्धतींचे पुरावे ग्राह्य धरण्याची तरतूद अमेरिकेनं डिसेंबर २०२२ मध्ये आणि भारतानं मार्च २०२३ मध्ये नियमांत केली. झोप मोजणारं घड्याळ आता क्वचितच लागतं. पण त्या घड्याळानं शिकवलेला धडा जुना झालेला नाही: यकृताचा वेग केवळ जन्मानंच ठरत नाही. भुसा, फवारा, रात्र, अन्न, हार्मोनची लय, एखादा मसाला, सगळ्यांची नोंद त्यात होत असते आणि आपलं यकृतही याला अपवाद नाही. सिगारेटच्या धुरानं एक-ए-दोन हे एन्झाइम वाढतं आणि कॉफीतलं कॅफिन लवकर संपतं. सिगारेट सोडली, की तीच कॉफी जास्त चढते. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी तुमच्या आजच्या यकृतासाठी असते. म्हणून "आणखी काही घेता का?" असं त्यांनी विचारलं, की काढे, चूर्णं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, सिगारेट, दारू, सगळं सांगा. त्यांनी विचारलं नाही, तरी सांगा. आणि औषध चालू असताना त्यांना विचारल्याशिवाय कोणताही काढा मधेच सुरू किंवा बंद करू नका.